पाच रिकाम्या जागा

लोजबान या मुद्दाम रचलेल्या भाषेत ‘क्लामा’ असा एक शब्द आहे. त्याचा अर्थ जाणं किंवा येणं, आणि त्याच्यासोबत पाच रिकाम्या जागा येतात. पहिली जागा जाणाऱ्याची, दुसरी जिथे पोचायचं त्या ठिकाणाची, तिसरी जिथून निघालो त्या ठिकाणाची, चौथी वाटेची आणि पाचवी वाहनाची. ‘मी क्लामा लो झार्शी लो झ्दानी झोहे लो कार्शे’ या वाक्यात झार्शी म्हणजे बाजार, झ्दानी म्हणजे घर आणि कार्शे म्हणजे गाडी. मी घरून बाजारात गाडीने जाते, एवढंच ते वाक्य सांगतं. मधला ‘झोहे’ वाटेच्या जागी बसला आहे. त्याचा अर्थ असा की इथे वाट असणार हे आपल्या दोघांना माहीत आहे, पण कोणती ते आत्ता सांगण्याचं कारण नाही. जागा पुसलेली नाही, मोकळी ठेवली आहे, आणि मोकळी ठेवल्याचं ऐकणाऱ्याला कळतं.

या भाषेचं व्याकरण शिकताना मला सगळ्यात आधी आवडली ती ही मोकळी जागा. माझं काम इंग्रजीतल्या सूचना, अर्ज, नियमावल्या मराठीत आणण्याचं. त्या मजकुरात जे लिहिलेलं असतं ते फारसा त्रास देत नाही. जे लिहिलेलंच नसतं, पण असल्यासारखं गृहीत धरलेलं असतं, त्याच्याशी दिवसभर झगडावं लागतं. कोणी करायचं, कोणाला द्यायचं, कुठून मोजायचं, सगळं वाचणाऱ्याच्या समजुतीवर सोडलेलं. म्हणून क्रियापदच स्वतः उभं राहून ‘माझ्या इतक्या जागा आहेत, त्यांचं काय?’ असं विचारतं आहे, हे पाहून मी या भाषेच्या मागे लागले.

खरं तर ही कल्पना आपल्याला परकी नाही. कर्ता, कर्म, करण, संप्रदान, अपादान, अधिकरण ही कारकं आपण शाळेत घोकली. घोकताना विभक्तीचे प्रत्यय आणि कारकं यांची इतकी सरमिसळ झाली, की कारक ही क्रियेतली भूमिका आहे आणि प्रत्यय हा त्या भूमिकेचा पोशाख आहे, हे कोणी वेगळं करून दाखवलं नाही. पाणिनीची अपादानाची व्याख्या मी पुष्कळ उशिरा वाचली. एखादी गोष्ट दुरावत असताना जे जागचं हलत नाही, ते अपादान. प्रत्ययाचं नावही नाही त्यात, फक्त क्रियेचं चित्र आहे. क्लामाची तिसरी जागा म्हणजे नेमकं हेच. मी निघाले, घर तिथेच राहिलं.

लोजबानची पाळंमुळं मात्र पाणिनीत नाहीत, विसाव्या शतकातल्या अमेरिकेत आहेत. १९५५ साली जेम्स कुक ब्राउन या समाजशास्त्रज्ञाने ‘लॉगलॅन’ नावाची भाषा रचायला घेतली. एडवर्ड सपीर आणि बेंजामिन ली व्होर्फ यांच्या नावाने ओळखला जाणारा एक विचार तेव्हा चर्चेत होता. माणूस जी भाषा बोलतो तिच्या घडणीचा त्याच्या विचारांवर परिणाम होतो, असा तो विचार. यातले व्होर्फ पोटापाण्यासाठी आगविम्याच्या कंपनीत काम करत आणि उरलेल्या वेळात भाषांचा अभ्यास करत, हे मला फार भावतं. ब्राउन यांनी ठरवलं की ज्या भाषेचं व्याकरण थेट तर्कशास्त्रावर उभं आहे अशी भाषा बनवायची, ती माणसांना शिकवायची आणि त्यांचा विचार बदलतो का ते तपासायचं. १९६० साली ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात त्यांचा यावर लेख आला आणि भाषेला अनुयायी मिळाले. (याच ब्राउन यांनी ‘करिअर्स’ नावाचा एक खूप खपलेला बोर्ड गेमही तयार केला होता. नियम रचण्याची हौसच असावी.)

पुढे वाद झाला. भाषेचे शब्द आणि भाषेचं नाव यांवर हक्क कोणाचा, हा तो वाद. १९८७ साली बॉब लशेव्हालिए, नोरा लशेव्हालिए आणि त्यांचे सहकारी बाहेर पडले. त्यांनी ‘लॉजिकल लँग्वेज ग्रुप’ काढला आणि व्याकरणाची मूळ कल्पना घेऊन सगळा शब्दसंग्रह पहिल्यापासून नवा बनवला. तीच ही लोजबान. प्रकरण न्यायालयात गेलं. १९९२ साली निकाल लागला, की लॉगलॅन हे त्या भाषेचं सर्वसामान्य नाव झालेलं असल्याने त्याचा ट्रेडमार्क टिकत नाही. भाषा कोणी जन्माला घातली हे ठाऊक असलं, तरी ती बोलायला दुसऱ्याची परवानगी लागू नये, असं मला मनापासून वाटतं. म्हणून या निकालाचा मला आनंद होतो. ब्राउन यांचं दुःखही कळतं. माणूस आयुष्यभर एक गोष्ट घडवतो आणि ती त्याच्या हातातून निघून जाते. पण भाषा म्हटली की ती निघून जाणारच.

नवे मूळ शब्द तयार करायला सहा भाषा घेतल्या: चिनी, इंग्रजी, हिंदी, स्पॅनिश, रशियन आणि अरबी. बोलणाऱ्यांच्या संख्येप्रमाणे प्रत्येकीला वजन दिलं आणि संगणकाकडून पाच-पाच रोमन अक्षरांचे सुमारे १३०० शब्द काढले. हिंदी त्यात असल्यामुळे मराठी कानाला अधूनमधून ओळखीचा सूर लागतो. चहाला ‘चाती’ म्हणतात, जाणून असण्याला ‘जूनो’, प्रेम करण्याला ‘प्रामी’, आईला ‘माम्ता’. आणि ‘मी’ म्हणजे मीच. हिंदी, बंगाली आणि संस्कृत या भाषांना स्वतःचे मूळ शब्द मिळाले आहेत, मराठीला मिळालेला नाही. ते मला खटकतं, हे सांगून पुढे जाते.

लिपीबद्दल एक सांगायला हवं, कारण या लेखातले लोजबान शब्द मी देवनागरीत लिहिते आहे आणि तो काही माझा आगाऊपणा नाही. ही भाषा सहसा रोमन अक्षरांत लिहितात, पण तिचं व्याकरण कोणत्याही एका लिपीला बांधलेलं नाही. अट एकच, की जे बोललं ते लिहिलं जावं आणि जे लिहिलं ते तसंच बोललं जावं. एका चिन्हाला एकच ध्वनी. देवनागरी याला जवळची वाटते, तरी आपली मराठीही या अटीत पूर्ण बसत नाही. ‘चार’ मधला च वेगळा आणि ‘चाक’ मधला च वेगळा. लिहितो मात्र एकच. मराठी वाचणाऱ्याला कुठला कधी हे ठाऊक असतं, म्हणून निभतं. लोजबान या ‘ठाऊक असतं’वर विसंबत नाही.

आता पुन्हा त्या जागांकडे. ‘ताव्ला’ म्हणजे बोलणं. त्याच्या जागा चार: बोलणारा, ज्याच्याशी बोलायचं तो, विषय आणि भाषा. ‘दो’ म्हणजे तू. त्यामुळे ‘मी ताव्ला दो’ म्हणजे मी तुझ्याशी बोलते. ‘मी ताव्ला दो मी’ म्हणजे मी तुझ्याशी माझ्याबद्दल बोलते. ‘मी ताव्ला मी दो’ म्हणजे मी स्वतःशीच तुझ्याबद्दल बोलते. तेच तीन शब्द, एक प्रत्ययही बदललेला नाही. मराठीत ‘मी’चं ‘माझ्याबद्दल’ होतं, ‘तू’चं ‘तुझ्याशी’ होतं, शब्दाचं रूपच पालटतं. लोजबानमध्ये शब्द जसाच्या तसा राहतो, भूमिका ठरते ती त्याच्या जागेवरून.

याची किंमतही मोठी आहे आणि माझ्या मते या भाषेचा सगळ्यात अवघड भाग हाच आहे. प्रत्येक क्रियापदाच्या जागांचा क्रम त्याचा त्याचा. क्लामाची तिसरी जागा निघण्याच्या ठिकाणाची. ‘दून्दा’, म्हणजे देणं, त्याची तिसरी जागा घेणाऱ्याची. ‘वेश्नू’ म्हणजे विकणं, त्याची दुसरी मालाची, तिसरी गिऱ्हाइकाची, चौथी किमतीची. हे सगळं पाठ करावं लागतं. मराठीतलं ‘-ने’ किंवा ‘-हून’ एकदा शिकलं की हजार क्रियापदांना चालतं. ‘पुण्याहून निघाले’ म्हणता येतं, ‘पुण्याहून आणलं’ म्हणता येतं, ‘पुण्याहून फोन केला’ही म्हणता येतं. प्रत्यय स्वतःचा अर्थ खांद्यावर घेऊन फिरतो. लोजबानमध्ये तिसरी जागा म्हणजे नुसती तिसरी जागा. विकत घेण्यासाठी वेगळा मूळ शब्द नाही, याचं मात्र मला कौतुक वाटतं. ‘ते’ हा छोटा शब्द आधी लावला की पहिली आणि तिसरी जागा आपसांत बदलतात, आणि ‘ते वेश्नू’ म्हटलं की गिऱ्हाईक पुढे येतं. व्यवहार तोच, फक्त तो कोणाच्या बाजूने पाहायचा ते ठरवायचं.

‘से’ हा असाच शब्द पहिल्या आणि दुसऱ्या जागेची अदलाबदल करतो. त्याने मला मराठीच्या एका सवयीकडे नव्याने बघायला लावलं. आवडणं म्हणजे ‘नेल्शी’. त्याच्या पहिल्या जागी आवड असणारा आणि दुसऱ्या जागी आवडणारी वस्तू. मराठीत आपण ‘मी केळं आवडते’ असं म्हणत नाही. ‘मला केळं आवडतं’ म्हणतो. कर्ता केळं आहे, आवडण्याची क्रिया केळ्याकडून घडते आणि मला ती येऊन मिळते. भूक लागते, राग येतो, आठवण होते, झोप येते, कळतं, सुचतं. मनातल्या कितीतरी गोष्टी मराठीत माणूस करत नाही, त्या त्याला होतात. लोजबानमध्ये हेच म्हणायचं तर ‘लो बाद्ना शू से नेल्शी मी’ असं म्हणता येतं (बाद्ना म्हणजे केळं, शूबद्दल पुढे सांगते). तिथे तो एक पर्याय आहे. आपल्याकडे तीच एक वाट आहे.

आणि इथे मला या भाषेचं खरं मोल सापडलं. भाषा काय सांगू देते यापेक्षा ती काय सांगायलाच लावते, हे महत्त्वाचं आहे. ‘मी क्लामा’ या वाक्यात काळ नाही. काल गेले, आज जाते, उद्या जाईन, तिन्ही अर्थ त्यात मावतात. सांगायचं असेल तर भूतकाळाला ‘पू’, वर्तमानाला ‘शा’, भविष्याला ‘बा’ लावायचं. एक की अनेक, तेही सक्तीचं नाही. लिंग तर नाहीच. मराठीत मात्र ‘मी काल बाजारात गे’ एवढं म्हणून मला थांबता येत नाही. गेलो की गेले, हे सांगितल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही. बाजाराशी माझ्या बाईपणाचा काही संबंध असो वा नसो, भाषा ते विचारतेच. मी ही भाषा जन्मापासून बोलते आणि ‘गेले’ म्हणताना मला कधी ओझं वाटलं नाही. पण नाव न देता एखादं मत मांडायचं असतं तेव्हा हे एक अक्षर सगळं उघड करतं, आणि ते टाळायला वाक्य किती वाकवावं लागतं, हे मी कामात पुष्कळदा अनुभवलं आहे. अर्जातलं ‘मी असे जाहीर करतो/करते’ सगळ्यांनी पाहिलेलं आहे. त्या तिरप्या रेघेची लोजबानला गरज पडत नाही.

तीच गोष्ट मान देण्याची. ‘दो’ एकच. तू, तुम्ही, आपण यांतलं काय वापरायचं हे ठरवल्याशिवाय मराठीत अनोळखी माणसाशी तोंड उघडता येत नाही. वय, नातं, हुद्दा, आधीची ओळख, सगळं क्षणात तोलावं लागतं. लोजबानमध्ये मान दाखवायचा असेल तर ‘दो’च्या मागे ‘गाहीनाय’ लावतात, म्हणजे तुम्ही माझ्याहून वरचे. लावला नाही म्हणून अपमान होत नाही. मला यातलं कोणतं बरं वाटतं? मराठीतलंच. आईशी ‘तू’ आणि सासूबाईंशी ‘तुम्ही’ बोलताना त्या दोन नात्यांचं अंतर माझ्या बोलण्यात आपोआप उतरतं, ते मला गमवायचं नाही. पण ते आपोआप उतरतं म्हणजे मी ते निवडलेलं नसतं, हे मला दोच्या शेजारी बसून कळलं.

उलट काही ठिकाणी लोजबान जे मुद्दाम घडवते ते मराठीकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. या भाषेत ‘आपण’साठी तीन शब्द आहेत. ‘मीहो’ म्हणजे मी आणि तू. ‘मीहा’ म्हणजे मी आणि आणखी कोणी, पण तू नाही. ‘माहा’ म्हणजे मी, तू आणि इतरही. फक्त इंग्रजी येणाऱ्याला हा फरक समजावून सांगावा लागतो. मराठी माणसाला काय सांगायचं! ‘आम्ही जेवायला जातोय’ आणि ‘आपण जेवायला जातोय’ यांतला फरक चार वर्षांच्या पोरालाही कळतो, आणि ‘आम्ही’ ऐकलं की त्याचा चेहरा पडतो. इंग्रजी मसुद्यातलं ‘वुई’ मराठीत आणताना दरवेळी मला विचार करावा लागतो, की लिहिणारा वाचणाऱ्याला आत घेतो आहे की बाहेर ठेवतो आहे. इंग्रजीने तो प्रश्न विचारलेलाच नसतो. मराठी विचारते.

दुसरं उदाहरण याहून सुरेख आहे. ‘चहा किंवा कॉफी घेणार का?’ आणि ‘चहा घेणार की कॉफी?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याला उत्तर हो किंवा नाही. दुसऱ्याला नुसतं ‘हो’ म्हटलं तर विचारणारा बघत राहील. तर्कशास्त्र शिकवणारे इंग्रजीतल्या ‘ऑर’बद्दल हाच घोळ नेहमी सांगतात, कारण तिथे दोन्हींना एकच शब्द. लोजबानने दोन वाटा वेगळ्या केल्या आहेत. हो-नाहीचा प्रश्न असेल तर वाक्याच्या सुरुवातीला ‘खू’ आणि मधे साधं ‘आ’, म्हणजे किंवा. निवड विचारायची असेल तर मधे ‘झी’: ‘लो चाती झी लो श्काफी’. या झीला जे उत्तर द्यायचं तेही नेमकं आहे. ‘ए’ म्हणजे दोन्ही. ‘ए नाय’ म्हणजे पहिलं हवं, दुसरं नको. ‘ना ए’ म्हणजे दुसरं हवं, पहिलं नको. ‘ना ए नाय’ म्हणजे काहीच नको. तो ‘नाय’ उच्चाराने आणि अर्थाने आपल्या कोकणातल्या नायसारखाच पडतो. योगायोग आहे, पण ऐकताना छान वाटतं. मराठीतल्या ‘की’ आणि ‘किंवा’ यांत इतकं काटेकोर काही दडलं आहे, याकडे माझं लक्ष लोजबानने वेधलं. शाळेत दोन्ही विकल्पबोधक अव्यय म्हणून एकाच ओळीत शिकले होते.

तिसरं ‘म्हणे’. ‘तो नोकरी सोडतोय’ आणि ‘तो नोकरी सोडतोय म्हणे’. दुसऱ्या वाक्यात मी हमी काढून घेतली, बातमी तेवढी पुढे पाठवली. लोजबानमध्ये यासाठी ‘तीहे’ आहे, म्हणजे असं ऐकलं. शिवाय ‘झाहा’, म्हणजे स्वतः पाहिलं. ‘पेही’, म्हणजे माझं मत. ‘जाहो’सारखा ऐकू येणारा एक शब्द आहे त्याचा अर्थ यावरून असा निष्कर्ष निघतो. ‘काहू’, म्हणजे आमच्या समाजात असं मानतात. हे शब्द लावण्याची सक्ती नाही, पण ते हाताशी असतात. रोज फोनवर येऊन पडणाऱ्या मजकुराच्या प्रत्येक वाक्यापुढे यांतला एक शब्द असता तर किती भांडणं टळली असती, असं मला खरंच वाटतं. विशेषतः काहू. आमच्यात असं मानतात आणि हे असंच आहे, या दोन वाक्यांतलं अंतर मराठीत उघडपणे बोलायची सवय आपल्याला लागायला हवी.

भाषा संदिग्ध असू नये हा लोजबानचा दावा नीट समजून घ्यावा लागतो, कारण तो जेवढा वाटतो तेवढा मोठा नाही. वाक्यातला कोणता शब्द कोणाला जोडलेला आहे याबद्दल शंका राहणार नाही, एवढीच तिची हमी. ती हमी इतकी पक्की आहे की तिचं व्याकरण संगणकाला देता येतं, आणि संगणक प्रत्येक वाक्याची एकच एक फोड करतो. या भाषेच्या पुस्तकांत एक उदाहरण नेहमी येतं, लहान मुलींच्या शाळेचं. लहान मुली की लहान शाळा? लोजबानमध्ये ‘श्मालू नीख्ली श्कूले’ असे तीन शब्द ओळीने ठेवले, तर डावीकडची जोडी आधी बांधली जाते: लहान मुली, त्यांची शाळा. शाळा लहान म्हणायची असेल तर ‘श्मालू नीख्ली बो श्कूले’. तो ‘बो’ मुली आणि शाळा यांना आधी घट्ट बांधतो.

मराठीत काय होतं ते मी ताडून पाहिलं आणि त्यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली. ‘छोटी मुलींची शाळा’ आणि ‘छोट्या मुलींची शाळा’ यांत काडीचाही संशय नाही. विशेषण ज्याचं असेल त्याच्याप्रमाणे रूप बदलतं आणि आपलं घर दाखवतं. पण ‘लहान मुलींची शाळा’, ‘सुंदर मुलींची शाळा’? लहान आणि सुंदर ही न बदलणारी विशेषणं. त्यांचं सामान्यरूप होत नाही, त्यामुळे ती कोणाची ते कळत नाही. म्हणजे मराठीत संदिग्धता आहे की नाही, हे तुम्ही छोटा निवडता की लहान, यावर ठरतं! आकारान्त विशेषणांचं ते ‘छोटा, छोटी, छोटं, छोट्या’ परदेशी माणसाला मराठी शिकताना जीव नकोसा करतं. लोजबानमध्ये जे काम ‘बो’ करतो, तेच काम आपल्याकडे हा रूपांचा पसारा करतो.

अर्थाची संदिग्धता मात्र लोजबान मिटवत नाही आणि तसं म्हणतही नाही. मुलींची शाळा म्हणजे मुलींसाठीची, मुलींनी चालवलेली की मुलींबद्दल शिकवणारी, हे ‘नीख्ली श्कूले’ सांगत नाही. तेवढी मोकळीक ठेवलेली आहे, आणि मला ती योग्य वाटते. सगळंच बांधून टाकलं तर कविता कुठून येणार?

नवशिक्याला सारखा लागणारा आणखी एक छोटा शब्द म्हणजे ‘शू’. ‘लो म्लातू शू शीत्का’ म्हणजे मांजर खातं. शू काढून टाकला तर ‘लो म्लातू शीत्का’ राहतं, आणि त्याचा अर्थ होतो मांजरासारखा किंवा मांजराशी काही नातं असलेला खाणारा. वाक्य मोडतं, नुसतं एक नाम उरतं. कर्त्याचा भाग इथे संपला, आता क्रिया सुरू, एवढं सांगणं हे शूचं काम. मराठीत हे काम क्रियापदाचं रूप आणि त्याची शेवटची जागा करते. गंमत म्हणजे लोजबानमध्ये क्रियापद शेवटी नेलं तरी चालतं. ‘मी प्रामी दो’ आणि ‘मी दो प्रामी’ दोन्ही बरोबर. मला दुसरं जवळचं वाटतं, म्हणून मी तसंच लिहिते.

‘सी’ या शब्दाबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. तो आधीचा एक शब्द पुसतो. ‘मी प्रामी सी नेल्शी दो’: मी प्रेम करते, पुसा, आवडतोस तू मला. व्याकरणाच्या हिशेबात त्या वाक्यात प्रेम उरत नाही. संगणक ते वाचून ‘मला तू आवडतोस’ एवढीच फोड देतो. ऐकणाऱ्या माणसाने मात्र ते ऐकलेलं असतं. व्याकरण किती दूरवर जाऊ शकतं आणि कुठे त्याचा हात पोचत नाही, हे मला या एका वाक्याइतकं दुसऱ्या कशाने दिसलं नाही.

ब्राउन यांच्या मूळ प्रश्नाचा निकाल लागला का? नाही. अशी भाषा शिकल्याने माणसाचा विचार बदलतो हे दाखवणारा निर्णायक प्रयोग झालेला नाही, आणि मोठेपणी हौसेने शिकणाऱ्यांवर तो होईल असं मला वाटतही नाही. १९९७ साली जॉन कोवन यांनी संपूर्ण व्याकरण पुस्तकरूपाने मांडलं, तेव्हापासून ही भाषा प्रयोगाचं साधन कमी आणि बोलणाऱ्या-लिहिणाऱ्या थोड्या लोकांचं घर जास्त झाली आहे. माझ्यापुरतं म्हणाल तर विचाराचं माहीत नाही, वाचण्याची रीत बदलली. सगळ्यात जास्त ती बदलली नकाराच्या धड्यानंतर.

‘सगळी मुलं आली नाहीत.’ एकही आलं नाही, की काही आली आणि काही राहिली? बोलताना सुरावरून कळतं. ‘सगळी’वर जोर दिला तर काही आली आहेत. कागदावर सूर नसतो. लोजबानमध्ये नकार कुठे ठेवला यावर त्याचा पल्ला ठरतो. ‘रो’ म्हणजे प्रत्येक, ‘वेर्बा’ म्हणजे मूल. ‘रो वेर्बा ना क्लामा’ असं क्रियेला चिकटून ‘ना’ आलं, तर १९९७ च्या व्याकरणानुसार ते अख्ख्या विधानाला लागतं: प्रत्येक मूल आलं, हे खरं नाही. एकही आलं नाही असं म्हणायचं असेल तर ‘नो वेर्बा शू क्लामा’, शून्य मुलं आली. दोन वेगळी वाक्यं, दोन वेगळे अर्थ, सुराची गरज नाही.

हा धडा वाचला आणि मला वर्षानुवर्षं हाताखालून गेलेलं एक वाक्य आठवलं: ‘सर्व कागदपत्रे जोडलेली नसल्यास अर्ज विचारात घेतला जाणार नाही.’ जवळपास प्रत्येक अर्जाखाली ते असतं. एक कागद राहिला तर अर्ज बाद, की एकही जोडला नाही तरच बाद? खिडकीवरचा माणूस पहिला अर्थ धरतो, परत पाठवलेला अर्जदार दुसऱ्या अर्थाच्या आधारे भांडतो, आणि वाक्य दोघांनाही साथ देतं. इंग्रजी मूळ वाक्यही बहुधा तसंच दुहेरी असतं. नकाराचा पल्ला ठरवायला मराठीकडे साधनं नाहीत असं मुळीच नाही. ‘एकही कागद कमी असल्यास’ म्हटलं की एक अर्थ, ‘एकही कागद जोडलेला नसल्यास’ म्हटलं की दुसरा. दोन्ही वाक्यं कोणालाही कळणारी आहेत आणि मूळ वाक्याहून लांबही नाहीत.

आता असं वाक्य समोर आलं की मी पुढे जात नाही. मसुदा ज्यांनी लिहिला त्यांना फोन करते आणि दोन्ही वाक्यं वाचून दाखवून यांतलं कोणतं, असं विचारते. पुष्कळदा पलीकडे थोडा वेळ कोणी बोलत नाही, कारण ते त्यांनी अजून ठरवलेलंच नसतं. मग त्यांच्या वरिष्ठांना विचारलं जातं, चर्चा होते, आणि एक कागद राहिला तर तो नंतर आणून द्यायला मुदत द्यावी का, हा प्रश्नही त्या चर्चेत पहिल्यांदाच निघतो.